आधी आमिष, मग महागडा रॉड

प्रश्न : मैत्रिणींसोबत ऑनलाइन ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळते. बांबूच्या रॉडवर मासे सारखे निसटतात. थेट इरिडियम रॉडसाठी पैसे साठवू का?

उत्तर : नको. मासेमारीची दुसरी पातळी गाठलीत की विली कोळ्याच्या दुकानातून १,८०० नाण्यांचा फायबरग्लास रॉड घ्या. त्याला आमिष लावता येतं, मासा लवकर लागतो. निसटण्याचा दोष मात्र बांबूचा नाही. मासा जिच्या आत धरून ठेवायचा, ती हिरवी पट्टी तुमच्या पातळीनुसार वाढते. अपवाद २५ नाण्यांच्या सरावाच्या रॉडचा : नवख्यांना त्यावर मोठी पट्टी मिळते, पण मासे साधेच लागतात. सध्या हात बसवायला तोच उत्तम! ७,५०० चा इरिडियम रॉड सहाव्या पातळीवर घ्या आणि त्याला मासा हळू निसटू देणारा ट्रॅप बॉबर जोडाच. त्याशिवाय तो खर्च वाया.