स्टिक, केबल आणि दुसरी नजर : विमानमालकाने काय करावे, काय टाळावे

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तरी ते तरंगत खाली येऊ शकतं. वैमानिकाला एखादं कापणी झालेलं रान शोधायला थोडा वेळ मिळतो. नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरची केबल सुटली किंवा विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या एलेरॉनच्या केबली उलट्या जोडल्या गेल्या, तर तेवढाही वेळ मिळत नाही. चाकं उचलली की चूक कळते, आणि ती सावरायचं साधन तेव्हा हातातून गेलेलं असतं. म्हणून पंखांवरचे एलेरॉन, शेपटीचा एलिव्हेटर, नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर आणि वैमानिकाच्या हातावरचा जोर हलका करणारे छोटे ट्रिम टॅब, शिवाय त्यांना हलवणाऱ्या केबली आणि पुल्या, यांना मालकाने हात लावताना सर्वांत जास्त धास्ती बाळगावी.

कोल्हापुरात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. उजळाईवाडीचा विमानतळ 1939चा, राजाराम महाराजांच्या काळातला. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवला. शिवाजी उद्यमनगरात नमुना दाखवला की तसा भाग लेथवर काढून मिळतो. बंद पडलेली वस्तू स्वतः उघडून बघायची ही इथली सवय मला मनापासून आवडते. विमानाच्या नियंत्रणांपाशी मात्र हात कितीही कुशल असला तरी पुरत नाही. ज्याने जोडणी केली त्याला स्वतःची चूक दिसत नाही; काय जोडलंय यापेक्षा काय जोडायचं होतं, तेच त्याला दिसत राहतं. पुढची सगळी यादी या एका गोष्टीभोवती आहे. विमान घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्यासाठी ती आहेच, पण वैमानिक किंवा देखभाल अभियंता व्हायला निघालेल्या मुलामुलींनीही वाचावी. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची प्रशिक्षणाची दोन विमानं कोसळली आणि त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) देखभालीचं कारण पुढे करून त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

काय करावे

१. आपली हद्द आधी ओळखा. टायर, तेल, बॅटरी अशी साधी कामं अनेक देशांत मालक-वैमानिकाला करू देतात. अमेरिकेच्या नियमांत तर अशा कामांची यादीच छापलेली आहे. नियंत्रणांच्या केबली काढणं-जोडणं त्या यादीत नाही. आपल्याकडेही या कामाखाली परवानाधारक अभियंत्याची सही लागते. त्याच्या देखरेखीखाली पाना जरूर धरा, शिका. पण सही त्याची आणि निर्णयही त्याचाच.

२. दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. नियंत्रणांचं काम झालं की ते काम न केलेल्या जाणकाराने स्वतंत्रपणे सगळं पुन्हा पाहायचं, ही दुहेरी तपासणीची पद्धत जगभर आहे. ती किती महत्त्वाची, हे 23 ऑगस्ट 1947 रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला दिसलं. लँकेस्टर बॉम्बर घडवणारे अभिकल्पक रॉय चॅडविक त्यांच्याच कंपनीच्या ट्यूडर विमानातून चाचणी उड्डाणाला निघाले होते. देखभालीत एलेरॉनच्या केबलींची अदलाबदल झाली होती. विमान उचललं आणि लगेच कोसळलं. चॅडविकसह चार जण गेले. जगातल्या उत्तम कारखान्यात, विमान घडवणाऱ्या माणसासोबतच हे झालं. मग आपल्या हँगरमध्ये एकट्याने केलेल्या कामावर किती विसंबायचं?

३. स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रणाचा दांडा) हलते का, एवढंच पाहू नका. कुठला भाग कुठल्या दिशेने हलतो ते पाहा. स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली. मागे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर. डावा पेडल दाबला की रडर डावीकडे. चाकासारखा योक असेल तर दोन्ही अंगठे वर करून धरा. योक वळवल्यावर अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या बाजूचा एलेरॉन वर उचललेला हवा. आतून शेपटी नीट दिसत नसेल तर एक माणूस बाहेर उभा करा आणि त्याला काय दिसतं ते मोठ्याने बोलायला सांगा. त्याच्या होकारावर भागवू नका. त्याने “डावा वर, उजवा खाली” असंच म्हणायला हवं.

11 नोव्हेंबर 2018 रोजी पोर्तुगालमधल्या अल्व्हर्का इथून मोठ्या देखभालीनंतर निघालेलं एअर अस्तानाचं एम्ब्रेअर जेट याच तपासणीतून निसटलं. एलेरॉनच्या केबली उलट्या होत्या. वैमानिकांनी हवेत दीड तास झुंज दिली आणि अखेर ते बेजाला उतरवलं. सहाही जण वाचले. छोट्या विमानाला एवढी उंची आणि एवढा वेळ मिळेल असं धरून चालू नका.

४. ट्रिमची दिशा वेगळी तपासा, कारण इथेच घोटाळा होतो. एलिव्हेटरवरचा ट्रिम टॅब उलट चालतो: नाक वर करण्याचा ट्रिम दिला की टॅब खाली जातो. 26 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कोलगन एअरचं बीच 1900 विमान ट्रिमची केबल बदलल्यानंतर उडालं आणि समुद्रात कोसळलं. ट्रिम उलटा चालत होता. दोन्ही वैमानिक गेले. देखभालीच्या पुस्तकातली एक आकृतीच चुकीची होती, हेही तपासात निघालं. पुस्तक उघडं ठेवूनच काम करा, पण शेवटचा शब्द प्रत्यक्ष हालचालीचा.

५. केबलवरून सुती फडकं फिरवा. तुटलेली तार फडक्यात अडकते. बोटाने तपासलीत तर बोट कापतं. तारा आधी तुटतात त्या पुलीजवळ, कारण तिथेच केबल सतत वाकते. पुली फिरते का, की केबल तिच्यावर नुसती घासत जाते, तेही बघा.

६. ताण मोजूनच ठरवा, हाताच्या अंदाजाने नको. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, केबल पोलादाची. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे उन्हात केबल ताणते आणि थंडीत सैल पडते. एप्रिलच्या दुपारी “बरोबर” वाटलेली केबल डिसेंबरच्या पहाटे ढिली निघेल. टेन्शिओमीटरने मोजलेला ताण आणि त्या दिवसाचं तापमान, दोन्ही नोंदवा. केबलचा ताण जुळवणाऱ्या टर्नबकलच्या बाहेर दोन्ही टोकांना तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि लॉकिंग वायर किंवा क्लिप हवीच.

७. पावसाळ्यानंतर विमान उघडून घ्या. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते. फरशीखालच्या केबलला आतून गंज चढतो. पाणी निचरायची भोकं चिखलाने बुजली की एलिव्हेटरमध्ये पाणी साठून त्याचा तोल बिघडतो. शेपटीत साळुंकीचं घरटं आणि पंखात उंदराने ओढून नेलेल्या चिंध्या, दोन्ही केबलच्या वाटेत येतात.

८. पंख काढून ट्रेलरवर नेता येणारं मायक्रोलाइट किंवा ग्लायडर असेल, तर दरवेळी जोडणीनंतर जोराची तपासणी करा. एकाने एलेरॉन घट्ट धरायचा, दुसऱ्याने स्टिक हळू दाबायची. एलेरॉन धरूनही स्टिक मोकळी हलली, तर ती जोडलेलीच नाही. नुसती स्टिक फिरवून हे कळत नाही.

काय टाळावे

१. दिसायला सारखा म्हणून बाजारातला बोल्ट लावू नका. उद्यमनगरातला कारागीर माप हुबेहूब काढेल, यात शंका नाही. पण धातू कुठला, त्याला उष्णता-प्रक्रिया कोणती, त्यावर लेप कोणता, याचा कागद त्या बोल्टसोबत येत नाही. विमानाच्या बोल्टची किंमत त्या कागदात असते.

२. नट-बोल्ट सुटू न देणारी जुनी पिन, तार किंवा नट पुन्हा वापरू नका. स्प्लिट पिन आणि लॉकिंग वायर एकदा काढली की टाकून द्या. आतून पकडणारा नट बोटांनी फिरायला लागला की तो संपला. ज्या जोडाभोवती भाग फिरतो तिथे नुसता नायलॉक नट चालत नाही. खाचांचा नट आणि त्यातून पिन हवी.

या एका मुद्द्यावर थांबून वाचा. 16 सप्टेंबर 2011 रोजी अमेरिकेत रेनोच्या विमान शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचं पी-51 मस्टँग प्रेक्षकांच्या बाजूला कोसळलं. मालक स्वतः ते चालवत होता. तो आणि 10 प्रेक्षक मेले, साठाहून जास्त जखमी झाले. ट्रिम टॅबचे लॉकनट जुने होते, पुन्हा वापरलेले. त्यांची पकड गेली होती. स्क्रू सैल झाले, टॅबचा ताठपणा गेला, आणि शर्यतीच्या वेगात टॅब फडफडू लागून तुटला. विमानात वेगासाठी बरेच बदलही केले होते, आणि त्यांची पुरेशी नोंद व चाचणी झालेली नव्हती. मुठीत मावणारे काही नट, त्यात मालकाखेरीज दहा अनोळखी माणसं गेली. “विमान माझं, जीव माझा” हे बोलणं इथेच खोटं पडतं.

३. एलेरॉन किंवा एलिव्हेटरला हौसेने रंग देऊ नका. रंगाच्या थरालाही वजन असतं, आणि बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडंसं वजन वेगात थरथर सुरू करू शकतं. रंगकाम झालं की तो भाग काढून त्याचा तोल पुन्हा मोजायलाच लागतो.

४. वाऱ्यात नियंत्रणं हलू नयेत म्हणून लावायच्या लॉकऐवजी खिळा किंवा बोल्ट अडकवू नका. मूळ लॉकला लाल पट्टी असते. सेसना 172 मध्ये तर त्याचा पत्रा इंजिनच्या चावीच्या जागेवरच येतो. 30 ऑक्टोबर 1935 रोजी बोइंगचं मॉडेल 299 हे चार इंजिनांचं नवं विमान नियंत्रणांचं लॉक न काढताच उडालं आणि कोसळलं. वैमानिक लष्करातला निष्णात होता. आज प्रत्येक वैमानिकाच्या हाती असलेली चेकलिस्ट त्या अपघातानंतर रुजली. लॉक तुमच्या घरचं असेल तर ते विसरलात हे सांगणारं कुणीच नसतं.

५. काम अर्धवट सोडून चहाला, फोनला जाऊ नका. जावंच लागलं तर स्टिकवर “काम अपुरं” अशी पाटी बांधा, आणि परतल्यावर दोन पायऱ्या मागून सुरुवात करा. बोटाने फिरवून ठेवलेला नट घट्ट केलाय असंच नंतर वाटतं. संपल्यावर पाने, टॉर्च, पेन मोजून घ्या. फरशीखाली राहिलेला पाना घसरून पुलीत अडकतो.

६. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात घरच्यांना बसवू नका. दिवसाउजेडी, एकट्याने, धावपट्टीच्या आसपासच.

७. एकदा नीट उडालं म्हणजे काम बरोबर झालं, असं मानू नका. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं बीच 1900 कोसळून सर्व 21 जण गेले. एलिव्हेटरच्या केबलचे टर्नबकल चुकीचे जुळवले होते, त्यामुळे नाक खाली आणण्याची हालचाल अपुरी पडत होती. त्या दुरुस्तीनंतर विमान अनेकदा सुखरूप उडालं होतं. मागच्या बाजूला वजन जास्त भरलं गेलं त्या दिवशी ती हालचाल कमी पडली. देखभाल करताना काही पायऱ्या गाळल्या होत्या आणि शेवटची हालचालीची चाचणीही झाली नव्हती.

लॉगबुकात नोंद आणि दुसऱ्या माणसाची सही नसेल, तर हँगरचं दार उघडू नका. त्या दिवशी पुण्याला पोचायचंच असेल तर सव्वादोनशे किलोमीटरचा महामार्ग आहे. गाडी काढा.