चेलो शिकायचाय, पण इंदापुरात राहून कसा?

प्रश्न : जुन्या हिंदी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या फोटोंमध्ये व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी काही वादक खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये मोठं वाद्य धरून वाजवताना दिसतात. ते वाद्य कोणतं? ते वाजवून आयुष्यभर पोट भरतं का? माझा दहा वर्षांचा भाचा भजनात गातो. त्यानं हे वाद्य मोबाईलवर पाहिलं आणि शिकायचा हट्ट धरला आहे.
— एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : ते वाद्य चेलो. व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण उंची साधारण चार फूट आणि आवाज पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीतला. चार तारा असतात आणि प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लावलेली असते. सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे सूर कुठे आहे हे बोटाला कानच सांगतो. भजनात गाणाऱ्या मुलाचा कान आधीच तयार असतो, म्हणून तुमच्या भाच्याचा हट्ट मला अजिबात वेडा वाटत नाही.

मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात आठ ते बारा चेलो असतात. दोघांत स्वरलिपीचा एक स्टँड. त्यातला आतल्या बाजूचा वादक पानं उलटतो, तेवढा वेळ दुसरा वाजवत राहतो. गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली आणायचा, हे चेलोंचा प्रमुख ठरवतो. मग सगळे आपापल्या पानावर पेन्सिलीनं खुणा करतात आणि बारा गज एकाच दिशेनं फिरतात. आपला आवाज वेगळा ऐकू येऊ न देणं हेच इथलं कसब. मैफलीत एकट्यानं रंग भरणाऱ्या आपल्या परंपरेला हे परकं वाटेल. पण टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहिलेल्याला ते लगेच कळेल.

नोकरी मिळते ती परीक्षा देऊन. पाश्चात्त्य देशांत उमेदवार बहुधा पडद्याआड बसून वाजवतो, म्हणजे परीक्षकांना माणूस न दिसता फक्त वादन ऐकू येतं. हायडनचा कन्चेर्तो आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीतला चेलोंचा तुकडा तिथे हमखास वाजवायला लागतो. नोकरी लागली तरी घरचा रोजचा रियाज सुटत नाही. पाठ, खांदे आणि डाव्या हाताची बोटं जपणं हाही कामाचाच भाग.

आपल्याकडे हा व्यवसाय सर्वांत भरात होता तो मुंबईच्या चित्रपटसंगीतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईचे स्टुडिओ भरले. शंकर-जयकिशनसाठी सबॅस्टियन डिसूझा वाद्यमेळ लिहीत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती तर स्वतः चेलोवादकच. पुढे मनोहारी सिंग यांच्यासोबत ‘बासू-मनोहारी’ या नावानं त्यांनी चित्रपटांना संगीतही दिलं. नंतर सिंथेसायझर आला. पन्नास माणसांचं काम एक कीबोर्ड करू लागला आणि तंतुवाद्यांचे ताफे विरले. या वादकांची नावं तबकड्यांवर छापली गेली नाहीत, हा मला मोठा अन्याय वाटतो.

दुसरं दार 2006 मध्ये उघडलं. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेनं खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकारानं ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. त्यात भारतीय वादक आहेत, पण हंगामात बाहेरदेशचे वादकही बोलवावे लागतात. आपल्याकडे पुरेसे तयार वादक नाहीत, हे त्यामागचं साधं कारण. मुलांना लहानपणापासून घडवणारी शाळाही एनसीपीए चालवते.

आता पोटाचं. देशात पूर्णवेळ पगारी ऑर्केस्ट्रा इतके कमी आहेत की फक्त त्या खुर्चीवर भरवसा ठेवू नये. बहुतेक चेलोवादक शिकवण्या, ध्वनिमुद्रणं आणि कार्यक्रम मिळून घर चालवतात. वाद्य रागसंगीतातही चालतं. अमेरिकेत जन्मलेल्या नॅन्सी लेश कुलकर्णी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकल्या आणि चेलोवर ध्रुपद वाजवतात.

भाच्यासाठी वाद्य लगेच विकत घेऊ नका. दहाव्या वर्षी साधारण अर्ध्या मापाचा चेलो लागतो आणि दोन-तीन वर्षांत तो लहान पडतो. भाड्यानं मिळाला तर उत्तम. आधी पुण्यात शिक्षक शोधा, त्यांना मुलाचं गाणं ऐकवा आणि स्वरलिपीपासून सुरुवात करा. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा भारतातही देता येतात. वाद्य घरी आलं की एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. उन्हानं सरस सुटतो आणि लाकडाला चिरा जातात.

खरी अडचण मुलाच्या कुवतीची नाही, अंतराची आहे. शेजारच्या बारामतीहूनच पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. एवढं वाद्य घेऊन दर आठवड्याला एसटीनं हा प्रवास कोणतं पोर करेल? पुण्यातल्या चेलो शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे : महिन्यातून दोन रविवार बारामतीत वर्ग घ्या. ज्यांना हे जमेल त्यांनी या सदराकडे जरूर कळवावं.