चागानुस्सति : आपल्या हातून घडलेले चांगले कसे आठवावे?



मागच्या महिन्याच्या ऑनलाइन धम्मवर्गात आपण सहा अनुस्सती पाहिल्या. बुद्ध, धम्म, संघ, शील, चाग आणि देवता या सहांचे वारंवार स्मरण करणे म्हणजे अनुस्सती. वर्ग संपता संपता एका ताईंनी विचारले, "बाकीच्या समजल्या. पण आपण केलेली मदत आपणच आठवत बसायची, म्हणजे आपलीच पाठ आपण थोपटायची, नाही का? यातून अहंकार वाढणार नाही का?"

प्रश्न अगदी योग्य होता. मी त्या वेळी दिलेले उत्तर मात्र पुस्तकी होते. आजचा पाठ त्याच प्रश्नासाठी आहे.

१. सुत्तात काय सांगितले आहे?

चाग म्हणजे सोडणे, देणे, मोकळ्या हाताने वाटणे. अंगुत्तर निकायात ही शिकवण महानाम शाक्याच्या निमित्ताने येते. महानाम भिक्खू नव्हता. तो कपिलवस्तूचा घरदार असलेला, कामाच्या व्यापातला उपासक होता. वर्षावास संपत आला होता. भिक्खू भगवंतांसाठी चीवर शिवत होते आणि लवकरच भगवंत चारिकेला निघणार होते. ते गेल्यावर आपण मनाला कशाचा आधार द्यावा, असे महानामाने विचारले. त्याला उत्तर म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांत चागानुस्सती आहे.

भगवंतांनी तिच्यासाठी वेगळी जागा किंवा वेळ मागितली नाही. चालताना, बसलेले असताना, कामधंदा करताना, मुलाबाळांनी भरलेल्या घरातही हे स्मरण करावे, असे सांगितले. म्हणजे ही साधना लोकल ट्रेनने ऑफिस गाठणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठीच आहे.

आठवायचे काय? कंजूषपणाने वेढलेल्या लोकांत राहूनही माझे मन त्या मळापासून काही प्रमाणात मोकळे आहे, मला देण्यात आणि वाटून खाण्यात आनंद वाटतो, हा माझा लाभ आहे. किती पौंड दिले हे इथे महत्त्वाचे नाही. मनाची मूठ उघडली होती का, एवढेच पाहायचे आहे. आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात आणखी एक अट घालतात. ही साधना करणाऱ्याने आधी निश्चय करावा की घेणारा समोर असेल, तर त्याला दिल्याशिवाय एक घासही खाणार नाही. म्हणजे आधी देणे, मग आठवणे. ज्याने काही दिलेच नाही, त्याच्याकडे आठवण्यासाठी काही नसते.

२. माझ्या दारावरची थाप

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी मी घरून काम करत होतो. बाहेर पाऊस होता. दाराची बेल वाजली. एका सेवाभावी संस्थेसाठी घरोघर फिरून मदत मागणारा एक तरुण उभा होता. हातातली फाइल पार भिजली होती. माझा कॉल चालू होता. "नको, धन्यवाद," म्हणून मी दार लावले.

त्या रात्री मी नेमका चागानुस्सतीला बसलो, पण काहीच आठवेना. डोळ्यांसमोर ती भिजलेली फाइल येत राहिली.

त्याला कारण होते. माझे वडील शेतमजूर होते. पाचवी ते दहावी मी वसतिगृहात राहून शिकलो. आपल्या समाजाच्या मुलांसाठी चालणाऱ्या त्या वसतिगृहाला ब्रिटनमधून मदत येत असे. आपल्यापैकी अनेकांना करुणा ट्रस्टचे नाव ठाऊक आहे. ही संस्था १९८० मध्ये 'एड फॉर इंडिया' या नावाने सुरू झाली. तिचे स्वयंसेवक इथल्या गावोगावी संध्याकाळी दारे ठोठावत फिरले आणि लोकांनी दरमहा थोडीथोडी रक्कम देणे मान्य केले. त्यातून महाराष्ट्रात वसतिगृहे, बालवाड्या, आरोग्याची कामे उभी राहिली. त्या काळी कोणीतरी आपले दार लावले नाही, म्हणून माझ्या ताटात भाकरी आली. आणि मी मात्र दार लावले होते.

३. "त्याने काय होणार?"

पुढे एका बुद्ध विहाराच्या कार्यक्रमात सत्तरी ओलांडलेल्या एका इंग्रज बाईंची ओळख झाली. १९८० च्या दशकात त्यांच्या दारात असाच एक तरुण आला होता. तेव्हापासून त्या दरमहा काही पौंड पाठवत होत्या. मी सहज त्यांचे आभार मानले, तर त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पैशांनी काय होणार? बँकेतून परस्पर जातात. मी तर विसरूनच गेले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, आपण आयुष्यात कोणासाठी फारसे काही केले नाही, अशी आता खंत वाटते.

मी त्यांना वसतिगृहाबद्दल सांगितले. सकाळची घंटा, वरण-भाकरी, रविवारचे अंडे, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली वह्या-पुस्तके. त्यांचेच पैसे माझ्या ताटात आले असे मी म्हणू शकत नव्हतो, पण त्यांच्यासारख्यांचेच आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री वाचायला उजेड होता का?"

"होता," मी म्हणालो. "दहा वाजेपर्यंत."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

त्या दिवशी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. साखळी माझ्यापासून सुरू होते असे वाटले की अहंकार येतो. मी मधली कडी आहे, मला कोणीतरी दिले म्हणून मी पुढे देऊ शकलो, हे दिसले की तीच आठवण मन हलके आणि प्रसन्न करते.

४. देणाऱ्याला फळ दिसतेच असे नाही

या देशात बाबासाहेबांच्या पाऊलखुणा आपण अभिमानाने पाहतो. १० किंग हेन्रीज रोडचे घर, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतून साठवलेले पैसे पुरेसे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले. मुंबईत माता रमाईंनी ओढाताण सोसून घर चालवले.

शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. बाबासाहेब भारतात परतले ते एप्रिल १९२३ मध्ये. म्हणजे आपल्या मदतीचे काय झाले, हे महाराजांना पाहायला मिळाले नाही. पुढे जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. ज्याला मदत मिळाली होती, त्याने दुसऱ्यांच्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली इथल्या विद्यापीठांत येतात. ही साखळी शंभर वर्षांहून अधिक लांब आहे.

आपल्याकडे 'पे बॅक टू सोसायटी' हा शब्द रुळला आहे. तो चांगला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले होते, हेही आपण विसरू नये. पण देणे म्हणजे नुसती कर्जाची परतफेड असे झाले, की मन कायम थकबाकीदार राहते. महानामाला सांगितलेला मार्ग देण्यातला आनंद ओळखायला शिकवतो. आनंदाने दिलेले पुन्हा द्यावेसे वाटते.

५. चार खाती

मदत फक्त पैशांची नसते. धम्मात चार संगहवत्थू सांगितल्या आहेत. आठवताना त्यांचा उपयोग होतो.

दान : पैसा, अन्न, वेळ. नव्या विद्यार्थ्याला हीथ्रोवरून आणणे, खोली मिळेपर्यंत घरी ठेवणे.

पियवाचा : पहिल्या सत्रात नापास झालेल्या मुलाला रात्री फोनवर धीर देणे.

अत्थचरिया : ज्यातून दुसऱ्याचे खरे हित होईल असे काम. शिष्यवृत्तीचा अर्ज तपासणे, भाडेकरार वाचून देणे.

समानत्तता : बरोबरीने वागवणे. आडनावावरून जात चाचपणाऱ्या बैठकीत नवख्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणे हीसुद्धा मदतच आहे.

६. या महिन्याचा अभ्यास

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात काहीतरी बंद पडले की सगळे लॉग उघडून बसतात. सुरळीत चाललेल्या दिवसाचा लॉग कोणी वाचत नाही. झोपण्यापूर्वी मनाचेही तसेच होते; चुकाच तेवढ्या दिसतात. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटे असे बसा :

पहिल्यांदा त्रिशरण-पंचशील घ्या. मग तुम्हाला ज्याने मदत केली अशा एका व्यक्तीला आठवा. त्यानंतर तुमच्या हातून घडलेली एक मदत आठवा, लहानशी असली तरी चालेल. तेव्हा स्वतःचा चेहरा समोर आला, तर समोरच्या माणसाचा चेहरा आठवा. त्याची गरज खरोखर भागली होती का, हे प्रामाणिकपणे पाहा. मनात प्रसन्नता आली तर तिच्यात थोडा वेळ राहा. शेवटी उद्या कोणासाठी काय करता येईल, ते ठरवा.

एक काळजी घ्या. चागानुस्सती म्हणजे चुका पुसण्याचे खोडरबर नव्हे. मी लावलेले दार लावलेलेच राहिले. त्या तरुणाला मी पुन्हा भेटू शकलो नाही. आता बेल वाजली की कॉल म्यूट करून दार उघडतो, एवढेच.

आणि एक काम आजच करा. तुम्हाला शिकवणारे गुरुजी, फी भरणारे काका, मेसचे पैसे थकले तरी ताट वाढणाऱ्या मावशी, यांपैकी जे कोणी हयात असतील त्यांना फोन करा. त्यांच्या मदतीने नेमके काय झाले, ते तपशिलाने सांगा. आपले आयुष्य कोणाच्या उपयोगी पडले की नाही, हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. ते त्यांना सांगणे हेही दानच आहे.

पुढच्या वर्गात प्रत्येकाने आपला एक अनुभव सांगावा, ही विनंती.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!