दुःखाचा हेतू

शास्त्रपाठ : उत्पत्ति 37, 39 ते 41, 50:15-21. योहान 9:1-7. 2 करिंथ 1:3-7.

प्रियजनहो, घरावर दुःख कोसळले म्हणजे “हे आम्हांसच का?” असा प्रश्न मनात उठतो. आरमोरीच्या आसपासच्या मंडळ्यांस हा प्रश्न परका नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला, तेव्हा काठच्या गावांत पाणी शिरून उभे धान बुडाले. हिवतापही ह्या जंगलपट्टीतून अजून गेलेला नाही. अशा समयी शेजारी म्हणतात, “वाडवडिलांचे देव सोडले, त्याचे हे फळ.” मंडळीतीलही एखादा म्हणतो, “काही गुप्त पाप असले पाहिजे.” ह्या दोहोंस शास्त्राचे उत्तर काय, ते पाहू.

1. दोष शोधू नये. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारली, देवाच्या कार्याकडे त्यांची दृष्टी वळविली, आणि त्या मनुष्यास डोळस केले. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो आईबाप दोघांकडून लेकरात उतरतो, आणि कित्येकदा त्या दोघांच्या अंगी त्याचे काही चिन्ह दिसत नाही. त्यात पाप शोधणे म्हणजे शिष्यांचीच चूक पुन्हा करणे होय. उपदेशकाने अशा घरी प्रार्थना करावी, आणि रक्ततपासणीस व औषधोपचारास सोबतही जावे.

2. हेतू सांगण्याची घाई करू नये. योसेफ 17 वर्षांचा असता भावांनी त्यास विकले. फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता. मधल्या काळात दास्य, खोटा आरोप व बंदिवास त्याच्या वाट्यास आला. प्यालेबरदारांचा नायक सुटला, तोही त्यास विसरला. ह्या सर्वांचा हेतू तुरुंगात त्यास कोणी सांगितला नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, इतकेच शास्त्र म्हणते. पुढे दुष्काळात त्याच्या हातून पुष्कळांचे व त्याच भावांचेही प्राण वाचले, तेव्हा देवाने वाइटातून चांगले योजिले अशी साक्ष त्याने स्वतः दिली. भावांच्या दुष्टतेस मात्र त्याने दुष्टताच म्हटले. तर मग ज्या घरी लेकरू नुकतेच मातीस दिले, तेथे “देवाची इच्छा” एवढे बोलून उठून येणे हे सांत्वन नव्हे. तेथे बसावे, रडणाऱ्यांबरोबर रडावे. साक्ष देणे हे ज्याचे दुःख त्याचे काम आहे, आणि ते त्याच्या वेळी होईल.

3. मिळालेले सांत्वन पुढे द्यावे. पौल करिंथकरांस लिहितो की, संकटात देव आमचे सांत्वन करितो ते अशासाठी की, आम्ही इतर संकटग्रस्तांचे सांत्वन करावे. पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्या वचनाचे जणू विवरणच आहे. तरुणपणी दुष्काळात आई, वडील व बहीण त्यांनी गमाविली. 1880 साली बंधू व 1882 साली पतीही निवर्तले. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1896-97 चा दुष्काळ मध्यप्रांतावर पडला, आणि आमचा चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या समयी बाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आश्रयास नेल्या. केडगावच्या मुक्तिसदनाची वाढ त्यातूनच झाली. भूक काय असते हे त्यांस पुस्तकावरून शिकावे लागले नव्हते. आईबापांचा मृत्यू ह्यामुळे गोड झाला असे नाही. परंतु ते दुःख व्यर्थही गेले नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, “हे का आले?” ह्याचे उत्तर आज न मिळाले तरी “हे घेऊन मी कोणाकडे जावे?” हे विचारता येते. ज्या विधवेने एकटीने धानाची रोवणी उरकली, ती नव्या विधवेस जे देऊ शकेल, ते आमच्या उपदेशाने होणार नाही. वधस्तंभावरील प्रभूनेही “का?” असा आक्रोश केला, म्हणून आपला आक्रोश त्यास अपरिचित नाही.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :
1. तुरुंगातील योसेफाजवळ कोणते उत्तर नव्हते, आणि काय होते?
2. दुःखितांच्या घरी आपण कोणते बोलणे सोडून द्यावे?
3. ह्या आठवड्यात आपल्या गावात कोणाकडे जाऊन बसावे?