देवाची क्षमा आणि माणसाचं देणं

चि. बाळास,

तुझं पत्र पोचलं. हातून झालेल्या वाईट गोष्टीबद्दल देवापुढे मनापासून रडलं, तर ती धुतली जाते का, एवढंच तू विचारलं आहेस. घडलंय काय ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारत नाही. उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर राहणार नाही. देव क्षमा करतो, आणि कुठलंही पाप त्याच्या क्षमेला जड नाही. पण खऱ्या मनाने क्षमा मागणारा माणूस देवघरातच बसून राहू शकत नाही. ज्याचं आपण बिघडवलं त्याच्या दारात जाऊन उभं राहण्याचं बळ त्याला तिथे मिळतं आणि मग जाणं चुकवता येत नाही. हे मी कशाच्या आधारावर म्हणतो, ते नीट सांगतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी माणूसही अनन्य भावाने मला भजू लागला, तर त्याला साधूच समजावं. 1290 साली ज्ञानदेवांनी यावर लिहिताना पश्चात्तापालाच तीर्थाची योग्यता दिली. त्यात न्हालेल्याला वेगळ्या तीर्थाला जावं लागत नाही. याहून मोठं आश्वासन कुठलं हवं? पण त्याला साधू का म्हणायचं, याचं भगवंतांनी दिलेलं कारणही बघ. त्याने किती अश्रू ढाळले हे ते सांगत नाहीत. त्याचा निश्चय योग्य झाला आहे, असं सांगतात. आणि लगेच पुढच्या श्लोकात तो लवकरच धर्मात्मा होतो, असं म्हणतात. म्हणजे क्षमा ज्याला मिळाली तो होता तसाच राहत नाही. रडू ओसरल्यावर सकाळी उठून आपण काय करतो, यावर निश्चयाची परीक्षा होते.

आता प्रार्थनेबद्दल. पूजा आटोपली की आपण हात जोडून म्हणतो, देवा, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घे. उपचारात राहिलेल्या उणिवेसाठी ते ठीक आहे. जाणूनबुजून केलेल्या अपराधाला मात्र हे मोघम वाक्य पुरत नाही, कारण त्यातल्या 'असेल तर' या दोन शब्दांत अपराध सहज लपून राहतो. भागीदाराच्या वहीत खोटी रक्कम लिहिली असेल, तर देवापुढे त्या रकमेचा आकडा आणि त्या भागीदाराचं नाव उच्चारता आलं पाहिजे. तू म्हणशील, देव अंतर्यामी आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, मग सांगायचं कशाला? त्याला ठाऊक असतं, हे खरंच. आपण मात्र स्वतःपासून लपवत असतो. नाइलाज होता, सगळेच करतात, त्यानेही मला कधी फसवलं होतं, अशा सबबींखाली खरी गोष्ट दडपलेली असते. जिथे सबब चालत नाही अशा एकाच्या समोर ती मोठ्याने म्हटली की पहिल्यांदा आपल्याच कानावर पडते. रामदासांच्या करुणाष्टकांत याचा नमुना आहे. रामाची करुणा भाकताना समर्थ जगाला दोष देत नाहीत, स्वतःच्या चंचल मनाचा आणि वाया गेलेल्या आयुष्याचा पाढा वाचतात. आपल्या घरांतून दिवेलागणीला ती म्हटली जातात, तेव्हा चालीबरोबर हा प्रामाणिकपणाही उचलायला हवा.

इथवर बहुतेकांना पटतं; अडतं ते पुढे, ज्याचं बिघडवलं त्याची भरपाई करताना. मनुस्मृतीतल्या कितीतरी गोष्टी आज आपण नाकारतो आणि नाकारल्याच पाहिजेत. पण तिच्या अकराव्या अध्यायात किरकोळ चोरीचं प्रायश्चित्त सांगताना घातलेला क्रम विचार करण्याजोगा आहे. वस्तू आधी परत करायची आणि मग सांतपन कृच्छ्र हे उपासाचं व्रत. परत न करता केलेल्या उपासाला तिथे जागा नाही. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात म्हटलंय की माणसामाणसांतला अपराध योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवसानेही फिटत नाही, जोवर दुखावलेल्याची समजूत घातलेली नाही. येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. इस्लाममध्येही तौबा, म्हणजे पश्चात्ताप, करताना ज्याचा हक्क बुडवला त्याला तो परत करावा लागतो. एकमेकांशी कितीतरी बाबतींत न जुळणाऱ्या या परंपरा इथे एकाच ठिकाणी बोट ठेवतात, हा मला भक्कम पुरावा वाटतो. देवाशी नातं जोडताना माणसाचं देणं बुडवता येत नाही.

यावर तू वाटमारी करणाऱ्या वाल्या कोळ्याचं उदाहरण देशील. त्याने कुणाला काय परत केलं? नुसत्या नामाने तो वाल्मीकी झाला. अध्यात्म रामायणाच्या अयोध्याकांडात वाल्मीकी स्वतःच रामाला ही कथा सांगतात, ती पुन्हा वाच. नाम घेण्याआधी तो वाटेत भेटलेल्या ऋषींच्या सांगण्यावरून घरी जातो आणि बायकामुलांना विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? ते म्हणतात, आम्ही फक्त तू आणलेलं खाणारे, पाप तुझं एकट्याचं. कुटुंबासाठी करतो ही त्याची शेवटची सबब तिथे गळून पडते आणि मगच त्याच्या मुखात नाम येतं. ज्यांचे जीव घेतले त्यांना काही परत देणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने अंगावर वारूळ चढेपर्यंत स्वतःचं आयुष्यच देऊन टाकलं. भरपाई अशक्य असते तिथे असा मार्ग उरतो. शक्य असताना त्याचा आडोसा घेणं ही पळवाट आहे. देव माफ करणारच आहे म्हणून खुशाल चुकावं, असं म्हणणाऱ्यांनाही परंपरेने सोडलेलं नाही. नामाच्या बळावर पाप करणं हा दहा नामापराधांतला एक मानला आहे.

उलट बाजूचा धोकाही ओळख. मी इतका वाईट की देवापुढे जायच्याही लायकीचा नाही, असं म्हणत कुढत बसणं म्हणजे पश्चात्ताप होत नाही. त्यात ज्याचं नुकसान झालं तो बाजूला राहतो आणि आपण आपल्याच दुःखात गुंतून पडतो. त्या माणसाने क्षमा केलीच नाही तर, ही भीतीही असेल. क्षमा करणं न करणं हा त्याचा अधिकार आहे. क्षमा मागितली म्हणून मिळेलच असं नाही, आणि ती हट्टाने घेताही येत नाही. त्याने दार लावून घेतलं, तरी त्याचं देणं पोचवून ये.

तेव्हा बाळा, आज रात्री देवापुढे बस. जे केलंस ते नावानिशी, सबब न जोडता सांग. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, नाही आलं तरी थांबू नकोस. त्या माणसाकडे जायचं बळ दे, एवढंच माग. आणि उद्या उजाडल्यावर, दुसरं कुठलंही काम हाती घेण्याआधी, त्याच्याकडे जा.

तुझा,
मामा