आम्ही कुठे बसायचं?

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर माफ करा. विषय मात्र मराठीतूनच लिहावा असा आहे, कारण तो मला माझ्या आजीने शिकवला आणि आजीला इंग्रजी येत नाही.

मागच्या सेमिस्टरला आम्हाला ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा आराखडा करायचा होता. मी ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, औषधांचा साठा, १२ गाड्यांचं पार्किंग सगळं बसवलं. कॉरिडॉरची रुंदी अचूक, उजेड-वारा नियमाप्रमाणे. मार्क चांगले मिळाले. दिवाळीत आरमोरी तालुक्यातल्या गावी गेलो, तेव्हा मोठ्या ऐटीत ती शीट आजीपुढे पसरली. तिने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मंग आमी कोठी बसाचं गा बाबू?"

मला हसू आलं. पण ती गंमत करत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी तिला शहरातल्या एका दवाखान्यात भरती केलं होतं. भेटायची वेळ संध्याकाळी एक तास. बाकी वेळ माझे काका-काकू गेटबाहेर, झाडाखाली. आजी तिसऱ्या दिवशीच हट्ट करून घरी आली, उपचार अर्धवट टाकून. आम्ही सगळे तिला अडाणी म्हणालो. मीही म्हणालो. आता माझीच शीट बघत होतो, तर नातेवाइकांसाठी ठेवलेली जागा होती शून्य चौरस मीटर.

मग मी शोधायला लागलो, की हा प्रश्न आधी कुणी ऐकला होता का? ऐकला होता, आणि तोही आपल्याच गडचिरोलीत.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. पेशंटला आत ठेवून आपल्या माणसांना बाहेर काढतात. यातली एकही तक्रार औषधाबद्दल नाही! सगळ्या इमारतीबद्दल, रंगाबद्दल आणि रीतीबद्दल आहेत. म्हणजे आपण ज्याला डिझाइन म्हणतो, त्याबद्दल.

मग धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं आणि तिथे दवाखाना बांधला गेला तो गोंड वस्तीसारखा. एक मोठी इमारत नाही, तर सुट्या झोपड्या. पेशंटसोबत घरच्यांना राहता येईल अशी सोय. प्रवेशाची जागा घोटुलासारखी. घोटुल म्हणजे गोंड-माडिया गावातली सगळ्यांची एकत्र जमायची जागा. तिथे पाहुणा परका नसतो. दवाखान्याला नाव दिलं 'माँ दंतेश्वरी', लोकांच्या देवीचं.

आता कुणी म्हणेल, झोपडीसारखं बांधलं की झाली संस्कृती? नाही. ताडोब्याच्या वाटेवर गवताच्या छपराची कितीतरी रिसॉर्ट दिसतात. तिथे छप्पर फोटोसाठी असतं, आत एसी चालू असतो. हा फरक लक्षात घ्यायला हवा. सजावट आणि डिझाइन यांतली रेष इथेच आहे. सजावट विचारते, कसं दिसेल? डिझाइन विचारतं, कोण वापरणार आणि त्याला काय वाटणार? शिवाय ऑपरेशन थिएटर बांबूच्या तट्ट्याचं करून चालणार नाही, तिथे निर्जंतुक फरशीच हवी. काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवणं हीच खरी इंजिनिअरिंग.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडलं, कारण ते हातात मावतं. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त असले तर धोका, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाला ५०. पण गावातल्या दाईला साठपर्यंत आकडे येत नसतील तर? सर्चने एक साधं यंत्र तयार केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका. बस्स! बॅटरी नाही, स्क्रीन नाही. दाई अशिक्षित आहे ही अडचण न मानता ती डिझाइनची अट मानली. आपल्या वर्कशॉपमध्ये असा एक तरी प्रोजेक्ट होतो का?

पुढे गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. नवीन कल्पना मुंबई-पुण्याहून किंवा परदेशातून आपल्याकडे येतात, हा आपला समज. इथे ती आपल्या जंगलातून निघाली आणि दिल्लीला पोचली.

चंद्रपूरकरांना हे अवघड वाटायला नको. आपण रोज जटपुरा गेटमधून जातो. गोंड राजांनी हा परकोट बांधला तेव्हा दरवाजा कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होतं. वर सिंह आणि हत्तीचं राजचिन्ह कोरलं, म्हणजे आत येणाऱ्याला न वाचताही कळावं की राज्य कुणाचं. आज त्याच दरवाजात ऑटो अडकतात आणि आपण कपाळाला आठ्या घालतो, पण चूक दरवाजाची नाही. वापरणारा बदलला. तसंच आपल्या मे महिन्याचं. पारा ४६-४७ वर जातो, आणि मातीच्या जाड भिंती व कवेलूंचं घर पाडून आपण स्लॅब टाकतो. मग रात्री गच्चीवर झोपायला जातो. हा विकास आहे की नुसती नक्कल, हे आपणच ठरवायचं आहे.

असो. मी आराखडा परत काढला. हिशोब सोपा होता. ३० खाटा, खाटेमागे दोन माणसं, म्हणजे ६० जण. प्रत्येकी दीड चौरस मीटर धरलं तरी ९० चौरस मीटर. १२ गाड्यांचं पार्किंग १५० चौरस मीटर खात होतं. गाड्या चारवर आणल्या, ती १०० चौरस मीटर जागा सुटली, आणि तिथे वॉर्डाला लागून कवेलूंची पडवी काढली. मार्क एकदाच मिळतात, ते आधीच मिळाले होते. त्यामुळे ही शीट कुणी तपासली नाही.

तपासली फक्त आजीने. बोट ठेवून पडवी पाहिली, मान हलवली. मग म्हणाली, "आन चूल कोठी?"

सध्या मी त्यावर काम करतो आहे.