बालकांतील ऊर्वस्थिभग्न व बंधनविचार

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली व हदगाव या तिन्ही बाजूंचे रस्ते एकत्र येतात. आसपासच्या खेड्यांतील अपघातग्रस्त बालक मोठ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी पुष्कळदा फाट्यावरील वैद्याकडेच आणले जाते. म्हणून या विषयाची माहिती आपणांस असणे अगत्याचे आहे.

हळद शिजविण्याच्या हंगामात ट्रॉलीवरून पडलेला तीन वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणण्यात आला. मांडीवर हळदीचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या व सुतळीचे घट्ट वेढे होते. पायाची बोटे थंड व निळसर झाली होती आणि बोट हलविताच मूल किंचाळत होते. साहाय्यकास पाय सरळ धरावयास सांगून बंध कापले. काही वेळाने बोटांवर लाली परतली. नंतर जाड कापूस लावून काखेपासून टाचेपर्यंत पोहोचणारी फळी सैलसर बांधली व मुलास नांदेडला पाठविले. आणखी काही तास गेले असते तर भग्न राहिले बाजूला, पायच गमवावा लागला असता.

आचार्य सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात याच धोक्याचे वर्णन केले आहे. शिथिल बंधाने संधान स्थिर होत नाही, गाढ बंधाने शोथ, वेदना व त्वचेचा पाक होतो. म्हणून साधारण बंध प्रशस्त मानला आहे. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध सोडून पाहावा, असेही तेथे सांगितले आहे. कामट्या बांधणारा हाडवैद्य कुशा विसरत नाही. तो विसरतो हे बंध सोडून पाहणे. जंघा व ऊरूच्या भग्नासाठी सांगितलेले कपाटशयन, म्हणजे फळीवर निजवून पाच खुंट्यांनी केलेले नियंत्रण, आजच्या हिप स्पायका प्लास्टरच्या तत्त्वाशी जवळचे आहे : भग्नाच्या वरचा व खालचा असे दोन्ही संधी स्थिर ठेवणे.

साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकात बंद भग्न असल्यास व अस्थिखंड फार सरकले नसल्यास हे प्लास्टर पसंत केले जाते. ते छातीखालून भग्न पायाच्या बोटांपर्यंत किंवा घोट्यापर्यंत व बहुधा दुसऱ्या मांडीपर्यंत असते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकात पाव्हलिक पट्टाही पुरतो. पाच वर्षांपुढे लवचीक सळ्यांच्या शस्त्रकर्माकडे कल असतो.

पालकांची मोठी शंका एक्स-रे पाहून येते. "हाडाची टोके एकावर एक आली आहेत, मग बसविले काय?" ही शंका वैद्यांनाही पडते. सुमारे दोन ते दहा वर्षांच्या वयात भग्नानंतर रक्तसंचार वाढल्याने ती अस्थी दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित अधिक वाढते, बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून दीड ते दोन सेंटिमीटरपर्यंतचा आखूडपणा अस्थिशल्यज्ञ समजून-उमजून स्वीकारतात. थोडा वाकही वाढीबरोबर सुधारतो. मात्र पीळ राहिला तर तो फारसा सुधारत नाही. पाऊल बाहेर किंवा आत वळलेले दिसल्यास त्वरित कळवावे. पालकांच्या आग्रहास्तव कोणी पुन्हा ओढून बसवू नये.

संधानाचा काळ सुश्रुतांनी प्रथम वयात एक मास, मध्यम वयात दोन व अंतिम वयात तीन मास दिला आहे. आजही लहान बालकाचे प्लास्टर बहुधा चार ते सहा आठवड्यांत निघते. अर्भकात त्याहून लवकर.

मूल घरी आल्यावर आपले काम सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस बोटांचा रंग, उष्णता व हालचाल वारंवार पाहावी. औषधानेही न थांबणारे, वाढत जाणारे रडणे हे हट्टाचे लक्षण समजू नये. तसे झाल्यास रात्रीही परत पाठवावे. पायांमधील आडव्या दांडीला धरून मूल उचलू नये. खाज सुटली म्हणून आत सळई घालू नये, तेल ओतू नये. मलमूत्राने प्लास्टर भिजू नये म्हणून लहान लंगोट कडेच्या आत सरकवून त्यावर मोठा बांधावा. आहार थोडा थोडा, वरचेवर द्यावा. लाक्षायुक्त, मधुर द्रव्यांनी सिद्ध घृतयुक्त दुधाचा उल्लेख संहितेत आहे. लाक्षा, अस्थिसंहार यांचा अग्निबल पाहून उपयोग करावा, पण ती बंधनाची जागा घेऊ शकत नाहीत.

दोन बाबी सांगितल्याच पाहिजेत. केवळ मांडीच्या भग्नाने लहान मूल सहसा निपचित पडत नाही. ते फिकट व थंड असेल तर उदर व मस्तक तपासावे. आणि अद्याप चालू न लागलेल्या बालकात हे भग्न आढळल्यास अस्थिदौर्बल्य किंवा मारहाण यांचा विचार करून बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे, मग घरचे कितीही परिचित असोत.

प्लास्टर निघाल्यावर काही आठवडे मूल लंगडते. त्यासाठी मर्दनाची घाई नको. ते आपण होऊन उभे राहते. दोन्ही पायांची लांबी मात्र सुमारे दोन वर्षे अधूनमधून मोजून नोंद ठेवावी.